चाकण रस्त्यावरचा अर्धा तास

मालवणहून निघताना आईने माझ्याबरोबर दोन गोष्टी दिल्या: कोकमाच्या सोलांची एक पिशवी आणि एक काम. सोले वसंतासाठी होती आणि काम त्याच्याच लग्नाचे होते. वसंता माझा धाकटा भाऊ. वर्षभरापूर्वी तो पुण्याजवळच्या पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात लागला. वडील नाहीत, तेव्हा मुलीकडच्यांशी बोलणी करायला थोरला म्हणून मीच जायला हवे होते. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. फोंड्याचा घाट चढून कोल्हापूर, तिथून रेल्वेने पुणे आणि पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लहान गाडीने पिंपरी, असा दीड दिवसाचा प्रवास करून मी उतरलो तेव्हा कपड्यांवर कोळशाची इतकी काजळी बसली होती की वसंताने आधी ते झटकले आणि मग नमस्कार केला.

पिंपरी पाहून पहिल्यांदा मला तिथे काहीच नाही असे वाटले. आमच्याकडे नजर जाईल तिथे माड, पोफळी, नाहीतर कुणाच्या तरी कुंपणाचा गडगा. इथे नुसता माळ. माळावर बाभळी, आणि लांबवर कारखान्याच्या नव्या पांढऱ्या इमारती. रेल्वेच्या अलीकडे सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी. लांबलचक बराकी, मधल्या जागेत वाळत घातलेले कपडे आणि पापड. एका बराकीच्या तोंडाशी एक म्हातारी कोकी (कांदा-मिरची घातलेली जाड खरपूस पोळी) भाजून विकत होती. मी दोन खाल्ल्या. तिने मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, "कुठचा गाव?"

"समुद्राकडचा. मालवण."

"आमची कराची पण समुद्राकडे," ती म्हणाली आणि तिसरी कोकी न मागता पानावर ठेवली.

वसंताची खोली चिंचवडच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी होती. त्याचे बोलणे वर्षभरात बदलले होते. भोंगा, शिफ्ट, ओव्हरटाइम हे शब्द तो मीठ-भाकर म्हणावे तसे म्हणत होता. सकाळी सातला भोंगा, साडेअकराला जेवणाचा, तीनला सुटीचा. "जेवणाच्या भोंग्यानंतर मशिनला हात लावला तर फोरमन ओरडतो, दादा," तो मोठ्या कौतुकाने सांगायचा. मला ते ऐकून बरे वाटायचे. मी शाळेतला माणूस, घंटेवर जगणारा.

शनिवारी चार वाजता मुलीचे वडील खडकीहून येणार होते. वसंताची सकाळची शिफ्ट. तो म्हणाला, "तोवर चाकणचा किल्ला बघून या. तुम्ही इतिहास शिकवता, आणि किल्ला एस. टी.ने तासाभरावर आहे."

सकाळी कासारवाडीच्या फाट्यावर नाशिककडे जाणारी गाडी मिळाली. भोसरी गेली. शंभरेक घरे, एक देऊळ, एक तालीम. मग मोशी, मग इंद्रायणीचा पूल. पुलाखाली पाणी थोडे आणि धुणी धुणाऱ्या बायका पुष्कळ. दोन्ही बाजूंना ज्वारी हिरवीगार उभी होती, आणि विहिरीविहिरीवर मोटा चालू होत्या.

चाकणचा किल्ला भुईकोट आहे. मी मनात जो बांधून ठेवला होता त्याच्या चौथाई उरला आहे. बुरुजांच्या कडेने खंदक, खंदकात घाणेरीची झुडपे, आणि तटावर शेळ्या. तरी मी तासभर फिरलो. मूठभर माणसांनी हा एवढासा किल्ला इतके दिवस कसा लढवला असेल, हे पावलांनी मोजून पाहिले. मग बाजारात आलो. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. कांद्याचे आणि बटाट्याचे ढीग, मिरच्यांची पोती, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. एका ठिकाणी झुणका-भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा वाढणारी बाई म्हणाली, "पावनं कोकणातलं दिसत्यात."

परतीची गाडी आली ती दारापर्यंत भरलेली. कंडक्टर म्हणाला, "पुढची तीनला." तीनची गाडी म्हणजे पिंपरीत पोहोचायला चार. मुलीचे वडील येऊन बसलेले आणि वराचा थोरला भाऊ घामाघूम होऊन दारात, हे मला पटेना. चहावाल्याने समोर बोट दाखवले. एका हुंडेकऱ्याच्या (मालवाहतूक ठरवून देणाऱ्याच्या) पेढीपुढे लांब नाकाची एक लॉरी उभी होती आणि तिच्यात बटाट्याची पोती चढत होती. "मुंबईला चाललीय. फाट्यावर सोडंल."

लॉरीचा ड्रायव्हर पस्तिशीचा, बसक्या बांध्याचा माणूस होता. नाव सावळाराम. जुन्नरकडचा. डोळे लाल, दाढी दोन दिवसांची. मी शिक्षक आहे म्हटल्यावर त्याने हात जोडले.

"चला की गुरुजी. किन्नर (गाडीवरचा मदतनीस) तापानं पडलाय, जागा हाय."

पोती चढेपर्यंत आम्ही लॉरीच्या सावलीत बसलो. तो पहाटे चार वाजता मुंबईत भायखळ्याहून निघाला होता. खंडाळ्याचा घाट चढून, रिकामी बारदाने घेऊन अकराला चाकणात पोहोचला. किन्नर नाही, म्हणून पोती मोजायला स्वतःच उभा राहिला. आता पुन्हा मुंबई. आदल्या दिवशीही हेच झाले होते.

"झोप कधी?" मी विचारले.

"गाडी खाली हुईस्तवर आडवा व्हतो. मंग उठवत्यात." तो हसला. मग एकदम आठवल्यासारखा उठला आणि सीटच्या मागून एक घडी केलेला छापील कागद घेऊन आला. "गुरुजी, मला वाचता येत न्हाई. पोलिसानं अडवलं की ह्यो दाखवायचा, असं मालकानं सांगितलंय. ह्यात काय लिवलंय, वाचून दावा."

तो ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा तक्ता होता. मोटारीच्या कायद्यात असा नियम आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. वर छापले होते: सलग पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये, मग निदान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला चोपन्न. खाली मालकाच्या हातचे, शाईने, सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे आधीच लिहिलेले. रविवार अजून उजाडायचा होता. मी शनिवारची ओळ वाचून दाखवली. "सकाळी आठ ते एक, गाडी चालवणे. एक ते दीड, विश्रांती, मुक्काम चाकण. दीड ते साडेपाच, गाडी चालवणे."

"किती वाजलं आता?"

मी घड्याळ पाहिले. "एकला दोन मिनिटं आहेत."

"मंजी आता मला झोपायला पायजे," सावळाराम म्हणाला आणि मोठ्याने हसला. पोती चढवणारे हमालही हसले. पण त्याने ते मनावर घेतले असावे. पोती बांधून झाल्यावर त्याने एक रिकामे बारदान घेतले, लॉरीखाली अंथरले आणि त्यावर बसत म्हणाला, "गुरुजी, कागद म्हनतो तर घटकाभर पडतो. मंग निघू."

इथे मी जे केले ते जसेच्या तसे लिहितो. अर्धा तास थांबलो असतो तरी मी अडीचपर्यंत पिंपरीत पोहोचलो असतो. मला फक्त अंघोळ करून, कोट चढवून, पाहुणे येण्याआधी शांतपणे बसायचे होते. तरी मी म्हणालो, "सावळारामभाऊ, मला घाई आहे हो. भावाच्या लग्नाची बोलणी आहेत. आत्ता निघालो तर बरं होईल. झोप काय, पुढं कुठंतरी काढता येईल."

गुरुजींना नाही म्हणणे त्याला जमले नाही. बारदान झटकून त्याने सीटवर टाकले आणि हँडल मारायला पुढे गेला.

एक वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. इंजिनाची ऊब पायांवर येत होती. बाहेर ऊन, आत बटाट्याच्या मातीचा वास. तो गप्प होता, म्हणून त्याला जागे ठेवायला मी किल्ल्याच्या वेढ्याची हकीगत सुरू केली. खंदक, सुरुंग, उडालेला बुरूज. वर्गात सांगतो तशीच. तो मधूनमधून "हं" म्हणे. कुरुळी गेली, चिंबळी गेली, पूल गेला. सुरुंग पेटल्याचे सांगून मी थांबलो, कारण तिथे मुले नेहमी श्वास रोखतात. "हं" आला नाही.

मी वळून पाहिले. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावर होते आणि हनुवटी छातीला टेकली होती.

मी ओरडलो. त्याने डोळे उघडले, पण तोवर डावे चाक रस्त्याखाली उतरले होते. लॉरी तुरीच्या पिकातून धडधडत खाली गेली, काहीतरी लाकडी कडाकडा मोडले आणि एका जबर धक्क्याने सगळे थांबले. माझा डावा हात दारावर आपटला. नंतर कळले, मनगट मोडले होते. सावळारामच्या कपाळातून रक्त येत होते. काचेतून पुढे पाहिले तर जमीनच दिसेना.

लॉरी एका विहिरीच्या धावेवर (मोटेचे बैल ज्या उतारावर मागेपुढे करतात त्या वाटेवर) चढली होती. मोटेचे खांब आणि चाक मोडून विहिरीत गेले होते. पुढचे एक चाक विहिरीवर अधांतरी होते. आस दगडात अडकला म्हणून आम्ही वर राहिलो. मागची पोती फाटली होती. आम्ही सावळारामच्या बाजूने कसेबसे खाली उतरलो तरी बटाटे एकेक करून विहिरीत पडतच होते. तो आवाज बराच वेळ येत राहिला.

बाभळीच्या सावलीतून एक म्हातारा शेतकरी धावत आला. त्याच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती. त्यांचे नाव दगडूआप्पा. त्यांच्यामागून त्यांची कारभारीण आली. आप्पांनी आधी आम्हा दोघांना हात लावून पाहिले, सावलीत नेले, पाणी दिले. बाईंनी सावळारामच्या कपाळात हळद दाबली आणि माझा हात पदराच्या चिंधीने बांधला. मग आप्पा धावेपाशी जाऊन उभे राहिले. मग परत आले.

"आत्ता बैल सोडलं," ते म्हणाले. "आत्ता. चिलीमभर येळ झाला आसंल. मी आन् माझी बैलं तिथंच व्हतो."

बाभळीला बांधलेले दोन पांढरे बैल कडबा चघळत होते.

मग आप्पांनी सावळारामला विचारले, "डोळा लागला व्हय रं?"

"व्हय."

"कवाधरनं चालवतुयास?"

सावळारामने सांगितले. आप्पांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बैलास्नी दुपारचं सोडतो आमी. तुला कोन सोडतं?"

मी मान खाली घातली. सुटायला निघालेल्याला पुन्हा जुंपणारा मीच होतो, आणि हे आप्पांना आणि त्यांच्या कारभारणीला ठाऊक नव्हते.

रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने भोसरीला वर्दी नेली. हवालदार यायला वेळ होता. आप्पा बैलांना पाणी दाखवायला उठले, तसा सावळाराम माझ्याजवळ सरकला. "गुरुजी, एक शबुद. तुमचं सगळे ऐकतील. रस्त्यात बैल आडवा आला म्हना. लायसन गेलं तर मालक उद्याच दुसरा बसवंल. घरी पाच तोंडं हायती माझ्या."

मी काय उत्तर दिले असते कोण जाणे. मनात आले होते, म्हणावे. एक वाक्य तर आहे, आणि त्यात माझी घाईही झाकली जाईल. पण आप्पांनी ऐकले होते. बादली तशीच ठेवून ते वळले.

"कुनाचा बैल? ह्या शिवारात बैल माझंच. मोट माझी मोडली, हीर माझी नासली, आन् बैल बी माझाच आडवा आला म्हनतुस?"

सावळारामने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "चुकलो, आप्पा," तो म्हणाला. "न्हाई म्हनत. झोपलो व्हतो."

आप्पा शांत झाले. "गुरुजी काय लिवत्यात ते बघू," एवढे म्हणून त्यांनी बादली उचलली.

हवालदार सायकलवर आला. वयस्क, पोक्त माणूस. माझा उजवा हात धड आहे पाहून म्हणाला, "गुरुजी, तुमचा जबाब तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं असणार." बाभळीखाली बसून मी लिहिले. पहाटे चार, अकरा, पोती, तक्ता. मग लिहिले की ड्रायव्हर विश्रांतीसाठी आडवा होत होता. तक्ता मी स्वतः त्याला वाचून दाखवला होता. आणि तरीही मी घाई करून त्याला उठवले. ते लिहिताना सावळाराम माझ्या हाताकडे पाहत होता. त्याला अक्षर कळत नव्हते, म्हणून मी ती ओळ मोठ्याने वाचली. दगडूआप्पांनी चिलीम तोंडातून काढली आणि पुन्हा घातली.

हवालदाराने कागद दोनदा वाचला. "हे स्वतःचंच नाव कशाला घालताय?"

"घडलं तसं लिहिलंय."

त्याने लॉरीतून तासांचा तक्ता काढून आणला, आणि शनिवारच्या ओळीवर बोट ठेवले. "अपघात झाला तेव्हा ह्या कागदाप्रमाणं हा माणूस चाकणात झोपलेला होता," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

मी पिंपरीत पोहोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. मुलीचे वडील थांबले होते. झोळीत घातलेला हात आणि मातीने भरलेले कपडे पाहून त्यांनी बोलणी मंगळवारवर टाकली आणि मलाच आधार देऊन डॉक्टरकडे नेले. ते स्थळ मला त्या क्षणीच पसंत पडले.

रविवारी लॉरीचा मालक वसंताच्या खोलीवर आला. मला वाटले होते कुणी दांडगा माणूस असेल. हा सडपातळ, टोपी हातात घेऊन बसणारा. "गुरुजी, झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "मोट मी बांधून देतो. फक्त कागदाचं तेवढं सोमवारी मोटार इन्स्पेक्टरांपुढे बोलू नका. माल संध्याकाळी भायखळ्याला पाहिजे असं पेढी सांगते. मी अर्धा तास थांबवला तर दुसरा उचलतो. सगळेच असे कागद भरतात."

त्याचे बोलणे खोटे नव्हते. चाकणच्या पेढीपुढची घाई मी डोळ्यांनी पाहिली होती. मी म्हणालो, "शेठ, त्या कागदावरची झोप मीच मोडली. ते लपवलं नाही. मग तुमचं कसं लपवू?" तो चहा न घेताच उठला.

सोमवारी पुण्यात मोटार इन्स्पेक्टरांनी मला दहा मिनिटांत मोकळे केले. त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही तक्ता त्याला वाचून दाखवलात?"

"होय."

"आणि मग?"

"मग मी घाई केली."

त्यांनी वर न पाहता ते लिहून घेतले. सावळारामचे लायसन तीन महिन्यांसाठी काढून घेतले. मालकावर वेगळा खटला. बाहेर व्हरांड्यात सावळाराम भेटला. कपाळावर पट्टी होती, डोळे मात्र स्वच्छ. दोन दिवस तो झोपला असावा.

"खरं सांगितलंत ते बरंच केलं, गुरुजी. न्हाईतर माझं एकट्याचंच नाव लागलं आसतं, आता मालकाचं बी आलं." त्याने कपाळावरची पट्टी चाचपली. "पन तीन म्हैनं मी काय करू?"

कायद्यात त्या तीन महिन्यांची सोय नव्हती. मी त्याला घाई केल्याबद्दल माफ कर म्हणालो. तो म्हणाला, "तुमी एकदा केली. तुमाला म्हाईत बी न्हाई, रोज कोन कोन करतं ते." आणि नमस्कार करून जिना उतरला.

पुढचे मला वसंताच्या पत्रांतून कळले. मालकाला दंड झाला. आप्पांची मोट त्याने बांधून दिली. ते तीन महिने सावळाराम जुन्नरला भावाच्या शेतावर राबला. मग लायसन मिळाल्यावर जुन्या मालकाकडे न जाता कारखान्याच्या आवारातली गाडी चालवू लागला. तिथे साडेअकराला भोंगा होतो आणि गाडी उभी करावी लागते, असे वसंताने लिहिले होते. चाकणच्या त्या लॉरीवर दुसरा ड्रायव्हर बसला, हेही लिहिले होते.

लग्न मार्गशीर्षात ठरवून मी त्याच आठवड्यात, बुधवारी निघालो. कोल्हापूरहून मालवणची गाडी दुपारी सुटली. फोंड्याचा घाट लागण्याआधी ड्रायव्हरने एका झाडाखाली गाडी लावली, समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि ओट्यावर पाय पसरून डोळे मिटले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. गाडीत कुजबूज सुरू झाली. मागच्या बाकावरचा एक गृहस्थ खिडकीतून ओरडला, "काय हो ड्रायव्हर, आम्हाला आज पोचायचं आहे की नाही?" आणखी दोघांनी साथ दिली. ड्रायव्हरने डोळे उघडले आणि उठायला हात टेकला.

मी उठून दारात गेलो. "बसा हो," मी त्याला म्हणालो. "चहा पुरता होऊ दे. घाट आहे पुढं."

ते गृहस्थ माझ्यावर वैतागले. "तुम्हाला घाई नाही वाटतं?"

"आहे," मी म्हणालो. आई वाट पाहत होती, लग्नाची बातमी सांगायची होती, मनगट ठणकत होते. मी परत जागेवर येऊन बसलो. ड्रायव्हर पुन्हा ओट्याला टेकला. मालवणला गाडी पाऊण तास उशिरा पोहोचली, आणि त्या पाऊण तासाबद्दल घरी कुणीही मला काही विचारले नाही.